आईच्या जुन्या फोनवर कस्टम रॉम टाकला, त्याची गोष्ट

वाटसरू_सातारा · रविवार, सकाळी १०.२०

मंडळी, हा धागा काढावा की नाही यात दोन आठवडे गेले, कारण यात माझीच शोभा आहे. पण मध्यंतरी इथेच कुणीतरी "जुना फोन फेकू नका, कस्टम रॉम टाका, नव्यासारखा पळतो" असं लिहिलं होतं आणि खाली +१ ची रांग लागली होती. त्या रांगेत मीही होतो.

आईचा फोन २०१९ चा. अँड्रॉइड १० वर येऊन थांबलेला, सुरक्षेचे अपडेट केव्हाच बंद. व्हॉट्सअ‍ॅप उघडेपर्यंत आई कणीक भिजवून यायची. नवीन घेऊ म्हटलं की "चांगला चालतोय की" हे ठरलेलं उत्तर.

मी या उद्योगात २०११ पासून आहे. तेव्हाच्या माझ्या अँड्रॉइड २.२ वर देवनागरी म्हणजे नुसते चौकोन. ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये शिरून अक्षरांची चित्रं मागवायची आणि मराठी संकेतस्थळं वाचायची, असे ते दिवस. मग फोन रूट करून सिस्टीममधला फॉन्टच बदलला. चौकोन गेले, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर लटकायला लागली आणि जोडाक्षरांचे पाय मोडले. तरी गड जिंकल्यासारखं वाटलं होतं. हा जुना माज सोबत होताच.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि बूटलोडर (फोन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) अनलॉक करायला घेतला. कंपनीचं टूल म्हणालं, सात दिवस थांबा. हे सात दिवस माणसाने विचार करावा म्हणून दिलेले असावेत. मी ते रॉम निवडण्यात घालवले. या मॉडेलसाठी लिनिएजओएस या नावाजलेल्या कस्टम रॉमचा अधिकृत बिल्ड, म्हणजे तयार प्रत, नव्हता. टेलिग्रामच्या एका ग्रुपवर अनधिकृत बिल्ड मिळाला. बनवणाऱ्याचं एक टोपणनाव, शेजारी आगीचं चिन्ह, बाकी काही माहिती नाही. अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो हे माहीत होतं, म्हणून फोटो, व्हॉट्सअ‍ॅप आणि नंबर आधी काढून ठेवले. तासाभरात अँड्रॉइड १४ चालू. आई म्हणाली, "नवीन घेतलास होय?"

तिसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशींसमोर यूपीआय अ‍ॅपने पैसे द्यायला नकार दिला. फोन सुरक्षित नाही म्हणे. चाळीस रुपये उधार राहिले. आई चाळीस वर्षं त्या मंडईत जाते, उधारीची ही पहिलीच वेळ.

पाचव्या दिवशी बहिणीचा मला फोन, रागावलेली. "आईला पाडव्यापासून लावतेय, उचलत का नाही?" फोनवर नेटवर्कच्या दांड्या पूर्ण, इंटरनेट चालू, व्हॉट्सअ‍ॅप चालू. साधा कॉल मात्र येतही नव्हता, जातही नव्हता. आईला वाटत होतं, सणासुदीला कुणाला आठवण आली नाही.

त्याच रात्री तिने विचारलं, "माझी भोंडल्याची गाणी कुठे गेली रे?" रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये मावशीकडून म्हणून घेतलेली पाच गाणी होती. ते फोल्डर मी काढून ठेवलंच नव्हतं. मावशी मार्चमध्ये गेली.

मग कंपनीचा मूळ रॉम परत टाकायला बसलो. जुनी आवृत्ती हलकी होती म्हणून तीच उतरवली. फोन एकदा थरथरला आणि काळा पडला. चार्जर लावला तरी दिवा नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून तो जिवंत केला, १,८०० रुपये घेतले आणि एक वाक्य ऐकवलं जे इथे लिहिता येणार नाही.

तुमचे अनुभव लिहा. "तुझीच चूक" हे घरून ऐकून झालंय.


चकलीप्रेमी · रविवार, सकाळी १०.५१

वाचनखूण साठवली. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर लागला तरी घरचे दुसऱ्या खोलीत जातात, तेव्हा एक बाळबोध प्रश्न: रॉम म्हणजे नक्की काय? आणि रूट करणं वेगळं का?


वाटसरू_सातारा · रविवार, सकाळी ११.१५

फोन चालवणारी पूर्ण प्रणाली काढून तिच्या जागी दुसऱ्याने बनवलेली टाकायची, तो कस्टम रॉम. आहे त्याच प्रणालीत सर्वाधिकार मिळवायचे, ते रूट. दोन्हीसाठी बहुधा आधी बूटलोडरचं कुलूप उघडावं लागतं.


निशाचर · सोमवार, रात्री १.४०

आईच्या फोनचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या पहिल्या दोन भानगडींची मुळं वेगवेगळी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

फोन चालू होताना बूटलोडर पुढच्या प्रणालीची डिजिटल सही तपासतो. सही पटली तरच पुढे. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ही तपासणी सक्तीची झाली. कुलूप उघडलं की तपासणी संपली. चालू करताना नारिंगी इशाऱ्याचा पडदा दिसतो ना, तो हेच सांगत असतो: पुढे काय चालू होतंय याची हमी मी देत नाही. तो पडदा लोकांना कुरूप वाटतो आणि "हा घालवायचा कसा" याचे तुनळीवर (यूट्यूबवर) व्हिडिओ आहेत. इशारा लपवायचा, कारण तसंच ठेवायचं!

बँकेचं अ‍ॅप गूगलच्या सेवेला विचारतं, हा फोन मूळ स्थितीत आहे का? आधी ही सोय सेफ्टीनेट नावाने होती, आता प्ले इंटिग्रिटी. पूर्वी सॉफ्टवेअरला खोटं बोलायला शिकवता यायचं. आता उत्तर फोनच्या सुरक्षित चिपमधल्या किल्लीने सही होऊन जातं आणि त्यात कुलूप उघडं असल्याची नोंद असते. मे २०२५ पासून तपासणी आणखी कडक झाली. अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढच्या फोनला सगळ्यात वरचा दाखला हवा असेल तर वर्षभराच्या आतला सुरक्षा अपडेटही लागतो.

यावर ग्रुपवाले उपाय सांगतात: मॅजिस्क (रूट करायचं टूल) टाका, त्यावर अमुक मॉड्यूल टाका, कुठून तरी फुटलेली दुसऱ्या फोनची किल्ली वापरा. गूगल त्या किल्ल्या रद्द करतं, मग नवी शोधायची. जरा विचार करा. बँकेचं अ‍ॅप चालावं म्हणून आपण अनोळखी माणसाच्या कोडला फोनचे सर्वाधिकार देतोय. चोर येऊ नये म्हणून त्यालाच रखवालीला ठेवण्यातला प्रकार.

आता कॉल. सिम कुठल्या कंपनीचं ते विचारत नाही, पण जिओचं जाळं २०१६ ला सुरू झालं तेव्हापासून त्यात टूजी-थ्रीजी नाहीच. आवाजही डेटाच्या जाळ्यावरूनच जातो, व्होल्टीई म्हणतात तो. त्यासाठी मोडेमच्या (नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाच्या) जुळण्या आणि फोन कंपनीचे बंदिस्त घटक लागतात. रॉम बनवणारा ब्राझीलमध्ये बसलेला असेल तर आपल्याकडची सिमं त्याने कधी तपासलेली नसतात. ज्यांच्याकडे टूजी आहे त्यांचा कॉल खाली घसरून तरी लागतो, बाकीच्यांचा लागतच नाही. आणि डेटा चालू असल्याने कुणाला संशय येत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर मला सगळ्यात भीती याची वाटते. १०८ किंवा ११२ लावायची वेळ आल्यावर कळून काय उपयोग?


जुनंखोड · सोमवार, सकाळी ८.०५

निशाचर, प्रतिसाद आवडला. वाटसरू, चौकोनांची आठवण काढलीत, डोळे पाणावले :)

थोडा इतिहास. स्टीव्ह कॉन्डिकने २००९ मध्ये एचटीसी ड्रीम या फोनसाठी सायनोजेनमॉड हा कस्टम रॉम सुरू केला. त्याच वर्षी गूगलने त्याला पत्र पाठवलं की आमची अ‍ॅपं तुझ्या रॉममध्ये घालून वाटू नकोस. तेव्हापासून गूगलची अ‍ॅपं वेगळ्या झिपमधून टाकायची रीत पडली. २०१३ मध्ये कंपनी झाली, २०१४ मध्ये वनप्लस वन त्यांची प्रणाली घेऊन आला. पण भारतातले हक्क त्यांनी मायक्रोमॅक्सला दिले आणि डिसेंबर २०१४ मध्ये ते भांडण थेट दिल्ली उच्च न्यायालयात. २०१६ संपताना सायनोजेनची सेवाच बंद. मागे उरलेल्या लोकांनी लिनिएजओएस उभं केलं म्हणून निभावलं.

हे सांगायचं कारण, त्यांच्यामागे पैसा होता, कंपनी होती, तरी एका डिसेंबरात दुकान बंद झालं. आगीचं चिन्हवाला तर परीक्षा आली की गायब होणार. मग आईचा फोन अँड्रॉइड १४ वर अडकणार, पूर्वी १० वर अडकला होता तसाच.


कोकणकडा · सोमवार, सकाळी ९.३०

असहमत. सगळे एकाच बाजूला चाललेत.

अपडेट बंद झालेला फोन तसाच वापरणं धोक्याचं नाही का? २०१५ मध्ये स्टेजफ्राइटचं भगदाड सापडलं, नुसत्या एमएमएसने फोन ताब्यात घेता येईल असं. कित्येक फोनना कंपनीकडून दुरुस्ती मिळालीच नाही, सायनोजेनमॉडने मात्र ती लवकर दिली. मी स्वतः जुन्या फोनवर अधिकृत लिनिएजओएस पाच वर्षं वापरतोय. महिन्याच्या महिन्याला सुरक्षा अपडेट येतात, जाहिराती नाहीत, कंपनीची फुकटची अ‍ॅपं नाहीत. कंपन्या दोन-तीन वर्षांत हात झटकतात म्हणून हे करावं लागतं. धाग्यातला दोष अनधिकृत बिल्डचा आणि बॅकअपचा आहे, कस्टम रॉमचा नाही.


निशाचर · सोमवार, दुपारी १२.५५

कोकणकडा, अर्धं मान्य. कंपन्यांबद्दल तर पूर्ण मान्य, अलीकडे पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट मिळायला लागले, तेही महागड्या फोनना.

पण सेटिंगमध्ये दिसणाऱ्या "सुरक्षा पॅच" तारखेवर फार विसंबू नका. ती अँड्रॉइडच्या खुल्या भागाची असते. मोडेम, चिप आणि ड्रायव्हर यांचे बंदिस्त भाग कंपनीने शेवटचे दिले तेवढेच राहतात. लिनिएजओएस निदान प्रामाणिक आहे, व्हेंडरच्या (म्हणजे कंपनीच्या बंदिस्त भागांच्या) पॅचची तारीख वेगळी दाखवतो. तुमची काढून बघा.

अधिकृत आणि अनधिकृत यातला फरक मात्र तुम्ही म्हणता त्याहून मोठा आहे. अँड्रॉइडच्या स्रोतासोबत चाचणीसाठीच्या सहीच्या किल्ल्या येतात. त्या जगजाहीर आहेत, कुणीही उतरवू शकतो. आळशी लोक त्याच किल्ल्यांनी रॉम सही करून वाटतात. अशा रॉमवर, त्याच किल्लीने सही केलेलं बाहेरचं अ‍ॅप सिस्टीमचा भाग असल्याचा आव आणू शकतं. दुसरं, एसईलिनक्स. अ‍ॅपने आपल्या कुंपणात राहावं म्हणून असलेली यंत्रणा. एखादी गोष्ट चालेना की बनवणारा तिला "परमिसिव्ह" करून टाकतो, म्हणजे कुंपण ओलांडल्याची नोंद होते, अडवत कुणी नाही. रॉमच्या माहितीत हा शब्द दिसला तर तिथूनच परत फिरा.

अधिकृत मंडळींवरही वेळ येतेच. मे २०२० मध्ये लिनिएजओएसच्या सर्व्हरमध्ये सॉल्ट नावाच्या प्रणालीतल्या भोकातून घुसखोरी झाली. सहीच्या किल्ल्या वेगळ्या यंत्रांवर होत्या म्हणून वाचल्या, आणि त्यांनी ते जाहीर सांगितलं. टेलिग्रामवाल्याच्या लॅपटॉपमध्ये कुणी घुसलं तर तुम्हाला कोण सांगणार?


कोकणकडा · सोमवार, दुपारी १.२०

व्हेंडर पॅच बघितला. चार वर्षांपूर्वीचा. हं.

तरी मी वापरणार. पण बँकेचं काम दुसऱ्या फोनवर करतो, हे पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं.


मीच_तो · सोमवार, संध्याकाळी ६.१०

एक नंबर धागा!! त्या रॉमची लिंक द्या ना सर. माझा पण फोन स्लो झालाय.


चकलीप्रेमी · सोमवार, संध्याकाळी ६.१४

हा धागा वाचून हा प्रश्न! दंडवत घ्या.


वाटसरू_सातारा · सोमवार, संध्याकाळी ६.४०

मीच_तो, हसू आलं पण तुम्हाला नाही, मला. मीही असाच वाचायचो, लिंकपुरता. आधी फोनमधली जागा बघा. माझ्या अनुभवात निम्मे "स्लो" फोन गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी भरलेले असतात.


रात्रपाळी · सोमवार, रात्री ११.३०

माझा किस्सा लिहितो, कुणाचं तरी भलं होईल.

रॉम टाकल्यावर नेटवर्क जात-येत होतं. तुनळीवर एकाने सांगितलं, मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२ ही विभाजनं (मेमरीतले नेटवर्कचे कप्पे) पुसा, फोन ती आपोआप परत बनवतो. बनवतो, हे खरं आहे, एफएसजी नावाच्या तिसऱ्या विभाजनातल्या प्रतीवरून. माझ्या फोनमध्ये ती प्रतही कशाने तरी कोरी झालेली. *#०६# दाबलं तर आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) जागी शून्य. सिम घातलं की "सेवा नाही".

पुढचं महत्त्वाचं. दुकानात एक जण म्हणाला, कुठलाही नंबर लिहून देतो, पाचशे रुपये. नाही म्हणालो ते नशीब. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे आयएमईआयशी छेडछाड म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या चोरीच्या फोनचा नंबर माझ्या हातात पडला असता तर पोलिसांना काय भोंडल्याची गाणी ऐकवणार होतो? (वाटसरू, माफ करा, निघून गेलं.)

अधिकृत केंद्रात बोर्ड बदलायचा खर्च निम्म्या फोनाएवढा सांगितला. तो फोन आता वायफायवर क्रिकेट बघायला. आणि तेही धूसर, कारण कुलूप उघडलं की त्या फोनवर वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी यंत्रणा) वरच्या एल१ पातळीवरून खालच्या एल३ वर आलं. पडदा फुल एचडी, चित्र ४८० चं.


दुकान_कराड · मंगळवार, सकाळी ७.४५

नमस्कार. मी मोबाईल दुरुस्ती करतो, बारा वर्षं झाली. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

वाटसरू साहेबांच्या फोनचं काय झालं ते सांगतो. काही नव्या अपडेटबरोबर चिपमध्ये एक आकडा वाढतो, तो परत खाली येत नाही. त्याला अँटी रोलबॅक म्हणतात. आकडा ४ झाला आणि तुम्ही ३ वाली जुनी फाईल टाकली की फोन गेला. २०१८ ला रेडमी नोट ५ प्रो च्या वेळी हे पहिल्यांदा एवढं आलं, पोरं रांगेने बंद फोन घेऊन यायची. इंग्रजीत त्याला ब्रिक म्हणतात, म्हणजे वीट. मी म्हणायचो, वीट झाली, आता पांडुरंगाची वाट बघा.

क्वालकॉमची चिप असलेल्या फोनला उठवायला ९००८ नावाचा मोड असतो. झाकण उघडून दोन टेस्ट पॉइंट जोडावे लागतात. पुढे कंपनीच्या परवानगीचं खातं लागतं, ते आमच्याकडे नसतं. नेटवर कुणीतरी पैसे घेऊन लांबून परवानगी देतो. त्यासाठी त्याला तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा द्यावा लागतो. मी त्याच्यासाठी जुना लॅपटॉप वेगळाच ठेवलाय, त्यात बाकी काही नाही. घरी करणारी पोरं वडिलांच्या कॉम्प्युटरवर करतात, ज्याच्यात आयकराची कागदं असतात.

फ्लॅश करायच्या, म्हणजे रॉम टाकायच्या, एका टूलमध्ये खाली तीन पर्याय असतात. आधीपासून निवडलेला असतो "क्लीन ऑल अँड लॉक". न बघता बटण दाबलं की काम झाल्यावर कुलूप परत लागतं. फोन जर मूळचा चीनचा असेल आणि वर ग्लोबल रॉम टाकलेला असेल, तर कुलूप लागल्यावर तो सांगतो, ही आवृत्ती या फोनवर चालत नाही. मग रडायला येतात. कस्टम रॉम टाकून वर परत कुलूप लावणारे पण असतात, त्यांना वाटतं बँकेचं अ‍ॅप चालू होईल. फोनच चालू होत नाही.

सॅमसंगचं निराळं. तिथे नॉक्सचा (त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा) एक फ्यूज असतो, सॉफ्टवेअरने जळतो. मूळ रॉम टाका, काही करा, तो जळलेलाच. सिक्युअर फोल्डर कायमचं बंद. जुना सॅमसंग विकत घेताना डाउनलोड मोडमध्ये जाऊन वॉरंटी व्हॉइडचा आकडा बघून घ्या.

आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलून फोन "गेमिंग" करणारे. तापमानाची मर्यादा काढतात. बॅटरी फुगून पडदा वर आलेला असतो आणि म्हणतात डिस्प्ले ढिला झालाय, चिकटवून द्या.


चकलीप्रेमी · मंगळवार, सकाळी ८.२०

लिहायची सवय नाही म्हणे! दादा, लिहीत राहा.


सहज_एक · मंगळवार, सकाळी ११.००

थोडं अवांतर. मी पिक्सेलवर (गूगलच्या फोनवर) ग्राफीनओएस हा कस्टम रॉम वापरते. तिथे त्यांच्या किल्लीने बूटलोडर परत लॉक करता येतो, चालू होताना नारिंगीऐवजी पिवळा पडदा येतो आणि सही तपासली जाते. त्यामुळे "कस्टम म्हणजे उघडं" हे सरसकट खरं नाही. पण हे जमतं ते मोजक्या फोनवर, आणि तरीही एका बँकेचं अ‍ॅप चालत नाहीच. शाखेत जाऊन पासबुक भरून आणते. तिथल्या काकांशी आता चांगली ओळख झालीय.

कुलूप उघडं ठेवून फोन हरवला तर काय, हे कुणी लिहिलं नाही. पिनमुळे आतला विदा (डेटा) कूटबद्ध राहतो, पण उचलणारा पाच मिनिटांत नवा रॉम टाकून फोन विकू शकतो, बऱ्याच फोनवर गूगल खात्याचं कुलूप आडवं येत नाही. किंवा सिस्टीममध्ये काहीतरी मिसळून फोन "सापडला" म्हणून परत आणून देईल आणि पिन तुम्हीच टाकाल.

वाटसरू, तुमच्या मावशींची गाणी आईंनी कुणाला पाठवली नव्हती का? आमच्याकडे असं काही रेकॉर्ड झालं की दहा मिनिटांत सगळ्या बहिणींच्या ग्रुपवर जातं. व्हॉट्सअ‍ॅपचं माध्यमांचं फोल्डर त्यांच्या फोनमध्ये शोधायला सांगा, "ऑडिओ" आणि "डॉक्युमेंट्स" दोन्ही.


वाटसरू_सातारा · शुक्रवार, रात्री ९.१५

उशिरा येतोय, गावी होतो.

दुकान_कराड, तुम्ही सांगितलेला पर्याय बघितला, माझ्या टूलमध्येही तोच आधीपासून निवडलेला होता. मी तो बदलला नव्हता. फोन भारतातलाच होता म्हणून वाचला, एवढंच.

आईला नवीन फोन घेतला, साधाच, पण अपडेट किती वर्षं मिळणार ते छापील बघून. चाळीस रुपये दिले. भाजीवाल्या मावशींनी सुट्टे नाहीत म्हणून कोथिंबिरीची जुडी दिली.

सहज_एक, तुमचं वाचून आईला विचारलं. तिने धाकट्या मामीला पाठवली होती. मामीचा फोन त्याहून जुना, जागा भरली म्हणून तिने बरंच पुसलेलं. पण पाचातली दोन सापडली. "ऐलमा पैलमा" पूर्ण आहे, दुसऱ्यात मध्येच कुकरची शिट्टी होते आणि मावशी थांबून म्हणते, "गॅस बारीक कर गं."